यादीत नसलेले शब्द

खांबदऱ्यावर डोंगर आला तेव्हा अक्षता शेडगे महाडच्या केंद्रात कामावर होती, आणि तिच्यासमोरच्या पडद्यावर खांबदरा हिरवा, म्हणजे सुरक्षित, दिसत होता. सकाळचे सहा चाळीस झाले होते. सहा बेचाळीसला गावातल्या छपरांवरचे, निरोप पाठवणारे एकोणीसच्या एकोणीस डबे एकदम गप्प झाले. पावसात डबे बंद पडायचे, पण एकेक करून पडायचे. अक्षताने हातातला चहा खाली ठेवला आणि शेजारच्या टेबलावरच्या मुजावरसरांना म्हणाली, "सर, आमचं गाव गेलं."

मुजावरसर उठून तिच्या पडद्यापाशी आले. "सूचना आली होती?"

"नाही. काहीच नाही आलं."

ही २०३६ सालच्या जुलैतली गोष्ट. तीन वर्षांपूर्वी याच केंद्रात अक्षताने 'साद' ही दरडीची सूचना देणारी यंत्रणा उभी केली होती, आणि ती सगळ्यात आधी तिने आपल्या गावात नेली होती.

महाडच्या वरच्या अंगाला, घाटाच्या कुशीत असलेल्या वाड्यांची अडचण जुनीच. पाऊस चढला की आधी वीज जाते, मग मोबाइलचा टॉवर जातो, आणि नेमकी ज्या दोन दिवसांत बातमी पोचायला हवी त्या दोन दिवसांत गाव मुकं होतं. शब्दांचा अर्थ लावणारी मोठमोठी यंत्रं तोवर शहरांत आली होती. पण धो धो पावसात तिथपर्यंत पोचायला वाटच नसे. म्हणून 'साद'ला मधलं मोठं यंत्रच ठेवलं नव्हतं. घरोघरचे फोन आणि छपरांवरचे सौरपेटीचे छोटे डबे एकमेकांशी थेट बोलत. या घराचा निरोप त्या घराला, तिथून पलीकडच्या वाडीला, तिथून खिंडीवरच्या डब्याला. एक डबा बुडाला तर निरोप दुसऱ्या वाटेने जाई. महाडच्या केंद्रातला पडदा हाही त्या जाळ्यातला एक साधा शेजारीच होता.

गावातल्या दोघातिघांनी रोज चार ओळी लिहायच्या: पाऊस किती, ओढा कसा, घराभोवती काय दिसलं. डोंगर एकाएकी येत नाही. आधी जमिनीला भेगा पडतात, झऱ्याचं पाणी गढूळ होतं, दारं चौकटीत अडकतात, झाडं कलतात. ही लक्षणं एकेका घरात वेगवेगळी दिसतात, म्हणून कुणालाच त्यांचं विशेष वाटत नाही. 'साद' ती एकत्र करणार होती. एकाच उतारावरून दोन दिवसांत तीन निरनिराळी लक्षणं आली की त्या उतारावरचे सगळे डबे भोंगा वाजवणार.

समाजमंदिरात अक्षताने हे समजावून सांगितलं तेव्हा पुढच्याच सतरंजीवर तिचा थोरला भाऊ विलास बसला होता. आईबाप गेल्यावर त्यानेच तिला शिकवलं होतं. त्याने विचारलं, "अगं, चाळीस हजार फोन. त्यात शब्द शोधायचा तर प्रत्येक फोनला विचारत बसणार का? तोवर डोंगर वाट बघतोय होय?"

"प्रत्येकाला नाही विचारायचं, दादा. प्रत्येक फोन आपल्याजवळच्या शब्दांचा एक ठसा काढून शेजाऱ्याला देतो. समज, एका फळीवर हजारो बारीक दिवे आहेत. 'भेग' लिहिलंस की त्यातले ठरावीक सात पेटतात. 'गढूळ' लिहिलंस की दुसरे सात. मला 'भेग' शोधायची असेल तर मी फक्त फळी बघायची. त्या सातांतला एक जरी विझलेला असला तर तो शब्द तिथे नाही. छातीठोकपणे नाही."

"आन् साती पेटलेले असले तर?"

"तर बहुतेक आहे. पण दुसऱ्या कुठल्या शब्दांनी मिळून तेच दिवे पेटवले असतील असंही होतं. मग त्या फोनला नीट विचारून खात्री करायची."

मागे खांबाला टेकून बसलेल्या कौसाकाकू म्हणाल्या, "म्हंजे तुजं यंत्र हो म्हणलं तर भरवसा नाय, आन् नाय म्हणलं तर भरवसा?"

"अगदी बरोबर, काकू."

"माणसाचं उलटं असतं गो," काकू म्हणाल्या आणि सगळे हसले.

"आणि मी रोज शोधतही बसणार नाही," अक्षता पुढे म्हणाली. "मी माझी मागणी एकदाच जाळ्यात सोडून ठेवणार. एकशे चौदा शब्दांची यादी. ती मोक्याच्या डब्यांवर बसून राहील. ज्या क्षणी कुणी त्यातला शब्द लिहील त्या क्षणी मला खबर."

विलास म्हणाला, "मी लिहीन. पण काय लिहायचं?"

"दिसेल ते लिही. तुझ्या भाषेत लिही."

ती यादी तिने महाडच्या कचेरीत बसून पंधरा दिवसांत केली होती. भूगर्भशास्त्राचे अहवाल होते, जुन्या दरडींच्या बातम्या होत्या, आणि रस्त्याकडेच्या सहा गावांत जाऊन तिने माणसांना विचारलंही होतं. 'भेगांत', 'भेगेतून', 'भेगाळली' अशी शब्दाची सगळी रूपं मुळाशी नेऊन ठेवायची सोय तिने केली होती, आणि तिचा तिला अभिमान होता. खांबदऱ्यात मात्र तिने कुणाला विचारलं नाही. ते तिचंच गाव. तिथलं तिला ठाऊक होतं.

पहिल्या पावसाळ्यात एकदा खोटी खबर आली. दुसऱ्या पावसाळ्यात 'साद'ने पलीकडच्या खोऱ्यातली साठ घरं भोंगा वाजवून उठवली आणि चार तासांनी त्यांतली अकरा घरं मातीखाली गेली. माणूस एकही गेला नाही. वर्तमानपत्रात अक्षताचा फोटो आला. विलासने तो कापून समाजमंदिरात लावला.

त्यानंतर खांबदऱ्यात एक बदल झाला, तो अक्षताला फार उशिरा कळला. पूर्वी पाऊस तीन दिवस खंडला नाही की कौसाकाकू दारोदार जाऊन म्हणायच्या, चला, आणि सगळं गाव कुरकुरत ओढ्यापलीकडच्या शाळेत राहायला जायचं. वर्षातून दोनदा तरी. आता लोक म्हणू लागले, कशाला? डबा आहे ना. वाजला की जाऊ.

विलासचा मृतदेह तिसऱ्या दिवशी मिळाला. गावातली एकतीस माणसं गेली, त्यांत कौसाकाकूही होत्या. विलासची बायको सुगंधा आईच्या आजारपणासाठी माहेरी गेली होती म्हणून वाचली. पुनर्वसनाच्या पत्र्याच्या खोल्यांमध्ये ती येणाऱ्याजाणाऱ्याला एकच सांगे, "डबा बिघडला वो. आदल्या दिवशी त्यांचा निरोप आला डब्यावरनं, अक्षताचा डबा हाय, काळजी नको करू. आन् डबाच बिघडला."

डबा बिघडला नव्हता. 'साद'मध्ये प्रत्येक टिपणाच्या तीन प्रती लांबलांबच्या डब्यांवर ठेवलेल्या असत. गाव गेलं तरी विलासची टिपणं पलीकडच्या डोंगरावर शाबूत होती. अक्षताने ती दहाव्या दिवशी उघडली. आधी धीरच झाला नव्हता.

सात जुलै. पाऊस मुबलक. झऱ्याच्या पाण्यात लाल आली. फडक्याने गाळून घेतो.

नऊ जुलै. मागचं दार घासतंय. रंधा मारायला हवा. खेकडे बिळं सोडून पडवीत आले, पोरांची चंगळ.

दहा जुलै. वरकसात जमीन आवासली. हात जाईल एवढी. सदूच्या परड्यातला फणस खाली बघायला लागला. रात्रभर डोंगर घुमत होता. कौसाकाकू म्हणते जाऊया. मी म्हटलं, काकू, मी रोज सगळं लिहितोय, काही असतं तर अक्षताने भोंगा वाजवला असता.

शेवटचं टिपण अकरा तारखेचं होतं, सकाळी सव्वासहाचं. उंबऱ्याखालची माती सुटली. पाऊस मुबलक.

तिने शोधाची नोंद उघडली. खिंडीवरच्या डब्याने दर वेळी तिची मागणी विलासच्या फोनच्या ठशाशी ताडून पाहिली होती. भेग: नाही. तडा: नाही. गढूळ: नाही. अडकणे: नाही. कलणे: नाही. एकशे चौदा वेळा नाही, आणि प्रत्येक 'नाही' खरं होतं. ते शब्द त्याने लिहिलेच नव्हते. ज्या वरकसात नाचणी पिकायची, ती उतारावरची हलकी जमीन तोंड उघडून पडली होती आणि त्याने तसंच लिहिलं होतं: आवासली.

अक्षता दहा वर्षांची असताना महाडच्या वसतिगृहात आली होती. पहिल्याच आठवड्यात ती कुठल्याशा पिशवीबद्दल "तोंड आवासलंय तिचं" असं म्हणाली आणि अख्खी खोली हसली. पुढे महिनाभर मुली तिला आ वासून दाखवायच्या. वर्षाच्या आत तिची बोली स्वच्छ झाली. वक्तृत्वाची बक्षिसं मिळाली. सुट्टीत घरी आली की विलास कौतुकाने सांगायचा, "आमची अक्षता बघा, पुस्तकासारखी बोलते."

मुजावरसरांनी ती नोंद दोनदा वाचली आणि दार लोटून घेतलं. ते साठीला आलेले, भले गृहस्थ होते. "चौकशी समिती सोमवारी येतेय," ते म्हणाले. "खांबदऱ्याच्या वाटेवरचे चार डबे आठ तारखेपासून बंद होते. हे खरं आहे. खबर पोचली नाही याला तेवढं कारण पुरेसं आहे. शब्दांच्या यादीबद्दल कुणी विचारणार नाही."

"पण टिपणं पोचली होती, सर. दुसऱ्या वाटेने पोचली. चुकली माझी यादी."

"तू भाऊ गमावलास बाई. आणखी काय गमवायचंय तुला? यादी आपण आज दुरुस्त करू, पुढचं सांभाळू. पण हे बाहेर गेलं तर 'साद' बंद करतील. बाकीच्या दोनशे गावांचं काय?"

ती रविवारभर त्यावर विचार करत राहिली. दोनशे गावांची गोष्ट खोटी नव्हती. पण त्या दोनशे गावांतही कुणी ना कुणी विलास रोज चार ओळी लिहीत होता, आणि 'नाही'वर विसंबून घरात निजत होता. सोमवारी तिने समितीपुढे टिपणं, यादी आणि एकशे चौदा नकारांची नोंद ठेवली.

समितीने 'साद' बंद केली नाही. अहवालात एक ओळ आली: शब्दसंग्रह अपुरा होता. तिला प्रमुखपदावरून काढून गावोगावच्या देखभालीला लावलं. तिच्यावर कुणी ओरडलं नाही. तिला वाटत होतं, कुणीतरी ओरडावं.

मग ती सुगंधाकडे गेली.

दुपार होती. पत्रा तापला होता. सुगंधा तांदूळ निवडत होती. अक्षताने सगळं सांगितलं, काही न वगळता. सुगंधाचे हात थांबले.

"वाचा," ती म्हणाली. "त्यांनी लिवलेलं. समदं वाचा."

अक्षताने सात तारखेपासून वाचलं. फणसाच्या ओळीला सुगंधा किंचित हसल्यासारखी झाली. अकरा तारखेची ओळ झाल्यावर सुगंधाने ताटातला एक खडा उचलून बाजूला टाकला.

"वन्सं, आवासली म्हंजे काय, तुम्हाला ठाऊक नव्हतं?"

"ठाऊक होतं, वहिनी. मी विसरले होते."

"विसरला होता का टाकलं होतं?"

अक्षताने मान खाली घातली. "टाकलं होतं."

"डबा बिघडला म्हनत होते मी. लोकांना सांगत होते. डब्याला जीव नसतो, म्हनून राग पन येत नव्हता." सुगंधाने ताट बाजूला सरकवलं. "आता राग कुनाचा करू? त्यांनी तुमाला अंगाखांद्यावर वाडवलं. जावा तुम्ही. तुमचं तोंड बघवत नाय."

अक्षता गेली. त्यानंतर तिने दोनदा निरोप पाठवला, गणपतीत एकदा दारापर्यंत जाऊन परत आली. सुगंधाने दार उघडलं नाही.

काम मात्र तिने सोडलं नाही. डब्यांच्या देखभालीला गावात गेली की ती म्हाताऱ्या बायकांजवळ बसायची आणि जमिनीचे शब्द विचारायची. माणसं संकोचायची. शिकलेल्या बाईपुढे ती आपसूक शाळेतली भाषा बोलायची. भेग म्हणायची, गढूळ म्हणायची. दिवसभर बसून तिच्या हाती तिच्याच यादीतले शब्द परत यायचे.

मे महिन्यात एका सकाळी सुगंधा एसटीने महाडला आली आणि केंद्राच्या दारात उभी राहिली. दहा महिन्यांत ती वाळली होती.

"पावसाळा आला," ती म्हणाली. "शब्द गोळा करताय म्हनं?"

"करतेय. कुणी सांगत नाही."

"तुम्हाला कशाला सांगतील? तुम्ही बोलता कशा, ते ऐकलंय का कधी?" ती आत येऊन खुर्चीच्या कडेवर बसली. "मी येते संगं. तुमच्यासाठी नाय येत. त्यांनी लिवलं आन् कुनी वाचलं नाय, तसं दुसऱ्या कुनाचं व्हायला नको."

तो पावसाळा आणि पुढचा उन्हाळा त्या दोघी गावोगाव फिरल्या. सुगंधा कुणाच्याही पडवीत बसून भाजी निवडू लागायची, आणि तिथल्या बायका डोंगराच्या गप्पा काढायच्या. अक्षता मागे बसून लिहून घ्यायची. एका गावात जमीन आवासायची, दुसऱ्यात फाकायची, तिसऱ्यात नुसतीच उलायची. गढुळलेल्या पाण्याला कुठे लाल यायची, कुठे तांबडी सुटायची, कुठे झरा माती ओकायचा. यादी एकशे चौदावरून चौदाशेवर गेली. दोघी एका एसटीत शेजारी बसायच्या, एका डब्यातली भाकरी खायच्या, पण सुगंधा कामापलीकडे तिच्याशी बोलायची नाही.

मोठ्या यादीची एक किंमत होती. चौदाशे शब्दांत कितीतरी रोजच्या वापरातले होते. दार घासतं ते नुसत्या दमट हवेनेही घासतं. खेकडे दर वर्षीच पडवीत येतात. एखाद्या गावात तिन्ही लक्षणं साधीच असायची आणि भोंगा वाजायचा. मुजावरसर म्हणाले, "लक्षणं तीनऐवजी पाच कर. फार ओरडायला लागलं तर लोक ऐकायचे थांबतील." त्यांचं म्हणणं बरोबर होतं, आणि अक्षताला ते माहीत होतं. तिने बरेच दिवस आकडेमोड केली. शेवटी तीनच ठेवली.

२०३८च्या ऑगस्टमध्ये सावरकोंडला दुपारी दोन वाजता भोंगा वाजला. दोनशे बारा माणसं भर पावसात खालच्या शाळेत उतरली. अक्षता आणि सुगंधा संध्याकाळपर्यंत तिथे पोचल्या. पहिल्या दिवशी लोक घाबरलेले होते. दुसऱ्या दिवशी कंटाळले. तिसऱ्या दिवशी पाऊस उघडला, ऊन पडलं, आणि डोंगर आपल्या जागी हिरवागार उभा होता. भूगर्भखात्याची माणसं वर जाऊन आली. काही नाही, म्हणाली, परत जा.

गंगाराम सावंत नावाचे सत्तरीतले गृहस्थ अक्षतासमोर येऊन उभे राहिले. त्यांची गाय गोठ्यात व्याली होती आणि वासरू गारठून मेलं होतं.

"शिकलेली माणसं तुम्ही! तीन दिवस गुरासारखं कोंडलंत आमाला. लावणी ऱ्हायली. वासरू गेलं माझं. डोंगर कुठंय? दाखवा ना, कुठं आला डोंगर?" मागे माणसं जमली. कुणी शिव्याही दिल्या. "फुडच्या टायमाला वाजला ना तुमचा भोंगा, तर फोडून टाकीन मी तो डबा."

अक्षता हात जोडून उभी होती. वासरू खरंच गेलं होतं.

सुगंधा मधे आली. "मी खांबदऱ्याची," ती म्हणाली.

गंगारामांनी तिच्याकडे नीट पाहिलं. मागच्या माणसांनीही.

"द्या शिव्या, बाबा. आमच्या गावात शिव्या द्यायला कुनी ऱ्हायलं नाय. पन डबा फोडू नका. मी पाया पडते."

ती खरंच वाकली. गंगारामांनी घाईघाईने मागे सरून तिला धरलं. "नको बाय, नको. अशी नको वाकू." त्यांनी खांद्यावरचा टॉवेल काढून तोंड पुसलं आणि चिखलाच्या वाटेने वर निघाले. हळूहळू बाकीचेही निघाले. कुणाच्या डोक्यावर अंथरुणं, कुणाच्या काखेत कोंबडी, एक म्हातारी पाठुंगळी.

दोघी शाळेच्या पायरीवर बसल्या. परतीची गाडी चारला होती. वर सावरकोंडात दारं उघडल्याचे आवाज येत होते. कुणीतरी कुणाला तरी हाका मारत होतं, जळण ओलं झालं म्हणून एक बाई कडाकडा भांडत होती. मग एका घराच्या कौलांतून धूर निघाला, थोड्या वेळाने दुसऱ्याच्या, मग शेजारच्या दोन्ही घरांतून.

सुगंधा ते बघत राहिली. तिचे खांदे हलायला लागले तेव्हा आधी अक्षताला वाटलं, तिला खोकला आलाय. दोन वर्षांत तिने सुगंधाला रडताना पाहिलं नव्हतं. विलासला अग्नी दिला तेव्हाही नाही. आता ती पदर तोंडात कोंबून रडत होती आणि मधेच थांबून वरच्या घरांकडे बघत होती.

अक्षताने तिला हात लावला नाही. तो हक्क आपल्याला उरला आहे की नाही हे तिला ठाऊक नव्हतं. ती नुसती जवळ बसून राहिली.

चारची गाडी आली, उभी राहिली, ड्रायव्हरने दोनदा हॉर्न दिला. दोघींतली कुणीच उठली नाही. गाडी निघून गेली.